जिन्यातला ढोल

रॉकच्या पंगतीत मानाचं पान कुणाला वाढायचं यावरून भांडणं होतात. कुणी गिटारवाल्याचं नाव घेतं, कुणी गायकाचं, जरा जाणता असला तर निर्मात्याचं. मी एका ट्रकचं नाव घेतो.

हा ट्रक रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडचा. बँडचा गायक मिक जॅगर, त्याची इंग्लंडमधल्या हॅम्पशरमध्ये स्टारग्रोव्ह्ज नावाची जुनी हवेली होती. तिथे बसून, घड्याळ न बघता रेकॉर्डिंग करता यावं म्हणून बँडने तो बांधून घेतला. डोकं इयन स्टुअर्टचं. हा बँडचा मूळचा पियानोवाला. पुढे वाद्यं वाहून नेणं, लावणं, दौऱ्याची सगळी उस्तवार करणं हे त्याच्या वाट्याला आलं, आणि माझ्या मते श्रेय मात्र फार थोडं आलं. ट्रकच्या पोटात हेलिओसचा मिक्सिंग डेस्क, टेप मशीन, स्पीकर आणि केबलची भेंडोळी. जिथे मुक्काम असेल तिथे दाराशी ट्रक लावायचा, खिडकीतून केबल आत सोडायच्या, झाला स्टुडिओ.

हा ट्रक स्टोन्स इतरांनाही भाड्याने देत. १९७१ या एका वर्षात तो तीन वेगवेगळ्या वास्तूंच्या दारात उभा राहिला आणि तिथे तीन अल्बम आकाराला आले: लेड झेपेलिनचा चौथा, स्टोन्सचा स्वतःचा ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ आणि डीप पर्पलचा ‘मशीन हेड’. पहिल्या दोहोंवर रेकॉर्डिंग इंजिनिअरही एकच, अँडी जॉन्स. तरीही हे अल्बम लागोपाठ ऐकले तर हे एकाच यंत्रातून आलेत यावर विश्वास बसत नाही. फरक वाजवणाऱ्यांचा आहेच. पण फरक घरांचाही आहे, आणि मला बोलायचंय ते या घरांबद्दल.

मी नाटकांचं ध्वनिसंयोजन करतो. नव्या गावच्या नाट्यगृहात पोचलो की सामान उतरवायच्या आधी रिकाम्या रंगमंचाच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवतो. टाळी कुठे जाते, किती वेळाने परत येते, येताना काय घेऊन येते यावर संध्याकाळचा प्रयोग ठरतो. काही सभागृहं टाळी गिळून टाकतात. काही तिला इतका वेळ घोळवतात की नटाचं दुसरं वाक्य पहिल्याच्या अंगावर चढतं. तालुक्याच्या गावातली पत्र्याच्या छताची बहुउद्देशीय सभागृहं या दुसऱ्या जातीची. तिथे मागच्या रांगेतून ‘आवाज!’ अशी आरोळी हमखास येते, आणि आवाज वाढवला की होतं नव्हतं तेही कळेनासं होतं. या धंद्यामुळे असेल, पण जुने रॉक अल्बम ऐकताना माझ्या कानात आधी सूर शिरत नाही, जागा शिरते. आणि ही ध्वनिमुद्रणं पन्नास वर्षांनीही शिळी झालेली नाहीत याचं मोठं कारण ही जागाच आहे असं माझं मत होत चाललंय. त्या काळात सगळं सोनंच पिकत होतं असं मात्र नव्हे. १९७१ साली टाकाऊ रॉकही ढिगाने निघालं. ते आज कुणी लावत नाही, म्हणून आपल्याला माहीत नाही इतकंच.

पहिलं घर हेडली ग्रेंज. हेही हॅम्पशरमध्येच. १७९५ साली बांधलेली तीन मजली वास्तू, मूळ उपयोग गरीब-निराधारांना ठेवण्याचा. १९७१च्या सुरुवातीला, ऐन थंडीत, झेपेलिन तिथे मुक्कामाला गेले. घर ओलसर आणि गार. दारातून आत शिरलं की मोठा हॉल आणि त्या हॉलच्या कडेने वरपर्यंत चढत गेलेला जिना. ड्रमर जॉन बॉनमसाठी नवा ड्रमसेट आला, तो या हॉलमध्येच मांडला गेला. एरवीची रीत अशी की प्रत्येक ड्रमच्या तोंडाशी एकेक माइक लावायचा. इथे जिन्याच्या वरच्या कठड्यावरून दोन माइक खाली सोडले, बायरडायनॅमिकचे एम १६०, रिबन जातीचे. खाली ड्रमजवळ काही नाही. ही युक्ती कुणाची यावर गिटारवादक आणि निर्माता जिमी पेजने एक सांगितलंय आणि जॉन्सने दुसरं. यशाला बाप पुष्कळ.

पुणेकराला यातली गंमत समजावून सांगायला नको. नदीपात्रात सरावाला वाजणारा ढोल आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींमध्ये सापडलेला ढोल घ्या. पान तेच, टिपरू तेच, वाजवणाराही तोच. पण पात्रातला ढोल कानाला लागतो आणि रस्त्यावरचा छातीला. आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. वरच्या माइकपर्यंत बॉनमचा ठोका आधी सरळ पोचतो, मग भिंतींवरून, पायऱ्यांवरून, छतावरून आपटत, थोडा थोडा उशिरा, थोडा थोडा मळून. माइकला हे सगळं एकत्रच मिळतं.

एवढ्यावर थांबले नाहीत. हा आवाज कॉम्प्रेसरमधून दाबून काढला. कॉम्प्रेसरचं काम सोपं असतं: मोठा आवाज आला की त्याला खाली दाबायचं, ओसरला की हात सैल सोडायचा. ठोका पडतो आणि दाबला जातो. ठोका सरतो, हात सैल होतो, आणि नेमका त्याच वेळी मागे रेंगाळलेला जिन्याचा घुमारा वर उसळतो. बॉनमने एक ठोका मारावा आणि घराने त्याला ओ द्यावी, असं ते ऐकू येतं. शिवाय मध्ये बिन्सन एकोरेक. फिरत्या चुंबकी चक्रावर आवाज टिपून क्षणभराने परत देणारं हे इटालियन यंत्र. पायाच्या ड्रमला जो लचकता, दुहेरी चालीचा ठेका आहे त्यातला काही बॉनमच्या पायाचा, काही या चक्राचा. आणि सगळ्यावर कडी म्हणजे अख्खं गाणं टेपचा वेग किंचित कमी करून खाली उतरवलं. त्यामुळे माउथऑर्गन, गिटार, ड्रम, सगळ्यालाच जडपणा आला.

गाणं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, म्हणजे नदीचा बांध फुटतो तेव्हा. मूळ गाणं कॅन्सस जो मकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडप्याने १९२९ साली ध्वनिमुद्रित केलेलं, मिसिसिपी नदीच्या १९२७च्या महापुराबद्दलचं. ते ऐकून झेपेलिनचं ऐकलं तर शब्दांचं नातं कळतं आणि बाकी काहीच जुळत नाही. मूळ गाण्यात पूर घराच्या ओसरीवर बसून सांगितल्यासारखा येतो. झेपेलिनच्या गाण्यात पाणी आधी येतं, सांगणारा नंतर. पहिली काही सेकंदं फक्त ड्रम आहेत. हेडफोन लावून स्नेअरचा, म्हणजे त्या खरखरत्या चपट्या ड्रमचा, एक ठोका पकडा आणि तो सरत कसा जातो ते ऐका. तो एकदम थांबत नाही आणि गुळगुळीत विरतही नाही, मध्ये एक खरखरीत फुगवटा येतो, मग पुढचा ठोका त्याच्यावर पडतो. सात मिनिटं हेच चालू असतं आणि दर वेळी तो फुगवटा किंचित निराळा असतो, कारण माणूस दर वेळी सारख्याच जोराने मारत नाही. यंत्राने तयार केलेल्या घुमाऱ्यात हा फरक सापडत नाही, आणि मला वाटतं नेमकं इथेच कान कंटाळायचा थांबतो.

१९८६ साली बीस्टी बॉइज या अमेरिकी रॅप मंडळींनी हाच ठेका उचलून आपल्या पहिल्या अल्बमची सुरुवात केली, तेव्हापासून तो किती ठिकाणी फिरला याला गणती नाही. सूर चोरल्याच्या कथा आपण ऐकतो. इथे लोकांनी जिना चोरला.

मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो अर्थातच भरून घेतलेल्या कॅसेटवर. आपण रिकामी नव्वद मिनिटांची कॅसेट नेऊन द्यायची, दुकानदार स्वतःकडच्या रेकॉर्डवरून भरून द्यायचा, दोन दिवसांनी या म्हणायचा आणि चार दिवसांनी द्यायचा. झेपेलिनचा चौथा साडेबेचाळीस मिनिटांचा, पंचेचाळीसच्या एका बाजूत बरोबर बसायचा. ‘एक्झाइल’ सदुसष्ट मिनिटांचा, तो कुठे मोडायचा हे दुकानदाराच्या मर्जीवर. त्या कॅसेटवरही ‘लेव्ही’चे ड्रम इतर गाण्यांपेक्षा निराळ्या हवेत आहेत हे कळत होतं, आणि माझा डेक काही ग्रेट नव्हता. रेकॉर्डवर तर हे गाणं अडचणीच्या जागी आहे: दुसऱ्या बाजूचं शेवटचं. एलपी मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेऱ्या मारते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नास सेंटिमीटरच्या आसपास खाच सरकते आणि आत लेबलजवळ जेमतेम वीस-एकवीस. तेवढ्याच आवाजाला जागा निम्म्याहून कमी. बारीक, चमकदार आवाज तिथे चुरगळतात. म्हणून बरेच जण बाजूच्या शेवटी एखादं मवाळ गाणं ठेवत. झेपेलिनने तिथे सगळ्यात अवजड गाणं ठेवलं आणि ते तरलं, कारण त्यात चमक अशी फार नव्हतीच, वजन होतं.

दुसरं घर फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, व्हिलफ्रांश-सुर-मेर इथलं नेलकोत. इंग्लंडमधल्या कराच्या कचाट्यातून सुटण्यासाठी स्टोन्सनी देश सोडला आणि त्यांचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याने हा बंगला भाड्याने घेतला. वरती झुंबरं, खाली तळघर. ट्रक अंगणात, वाजवणारे तळघरात. उन्हाळा, दमट हवा, वारा येईल असं काही नाही. गिटार लावून होईपर्यंत सूर उतरायचे. त्या कोंदटपणावर ‘व्हेंटिलेटर ब्लूज’ नावाचं गाणंच निघालं. एक जण एका कोठडीत, भोंगेवाले बोळात, कुणाला कुणी धड दिसत नाही. ‘हॅपी’ हे गाणं तर बाकी मंडळी उगवायच्या आत रिचर्ड्स, सॅक्सोफोनवाला बॉबी कीज आणि ड्रमवर चक्क निर्माता जिमी मिलर अशा तिघांनीच उभं केलं.

हे सगळं अल्बममध्ये ऐकू येतं. आवाज एकमेकांवर चढलेले, गायक मागे कुठेतरी, बरेचसे शब्द कळत नाहीत. खुद्द जॅगरने पुढे या मिश्रणाला नावं ठेवली आहेत, आणि गायक म्हणून त्याचं चूक नाही. पहिल्यांदा ऐकल्यावर मलाही वाटलं होतं, हे कुणीतरी दार लावून आत वाजवतंय. आता वाटतं की त्या अल्बमची गोडी तीच आहे. दार लावलंय, आत रंगलंय, आणि आपल्याला कुणी बोलावलेलं नाही. पुढचं बरंचसं काम लॉस एंजेलिसला झालं, बरेच आवाज तिथे चढवले गेले, तरी तळघर काही पुसलं गेलं नाही.

तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, कारण गिटारच्या क्लासला गेलेलं प्रत्येक मराठी पोर पहिल्या महिन्यात तिची चार सुरांची सुरावट वाजवून शेजाऱ्यांना जेरीस आणतं. डिसेंबर १९७१. डीप पर्पल स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रो गावी पोचले, तिथल्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं. ४ डिसेंबरला तिथे फ्रँक झापाची मैफल चालू असताना कुणीतरी आतच फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारी बंदूक, उडवली आणि कॅसिनो जळून खाक झाला. माणसं वाचली. ट्रक बाहेर, बँड रस्त्यावर. मग गावातल्या पॅव्हिलियन नाट्यगृहात बस्तान मांडलं. रात्री त्यांचा आवाज एवढा झाला की पोलीस आले, आणि टेक पूर्ण होईपर्यंत बँडची माणसं आतून दार दाबून उभी राहिली. तो टेक म्हणजे ‘स्मोक ऑन द वॉटर’चा पाया. नाट्यगृहातून हकालपट्टी होण्याआधी हाती लागलेलं तेवढंच.

शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. मोकळा कॉरिडॉर, कडेला गाद्या उभ्या केलेल्या, थंडी घालवायला मोठाले हीटर. ट्रकपर्यंत जाऊन टेक ऐकायचा तर खोल्यांमधून, बाल्कन्यांवरून, जिने उतरून बाहेर बर्फात जावं लागायचं. काही दिवसांनी त्यांनी जाऊन ऐकणंच सोडून दिलं. ‘झाला का रे?’ ‘झाला.’ चला पुढे. आज दर ओळीनंतर थांबून संगणकाच्या पडद्यावर आवाजाच्या लाटा बघणाऱ्या मुलांना हे सांगितलं तर खोटं वाटतं. ‘मशीन हेड’चा आवाज झेपेलिनसारखा विस्तीर्ण नाही. गाद्यांनी घुमारा खाऊन टाकलाय, सगळं जवळ आणि कोरडं आहे. या अल्बमचा जोर वाजवणाऱ्यांच्या एकमेकांवरच्या भरवशातून येतो, आणि तो भरवसा त्या लांबच्या वाटेने सक्तीने शिकवला असं मला वाटतं.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती. आमच्या धंद्यात तिला लीकेज म्हणतात. ड्रमचा आवाज गिटारच्या माइकमध्ये शिरतो, गिटारचा ऑर्गनच्या. एकदा शिरला की वेगळा काढता येत नाही. एकाचं चुकलं तर सगळ्यांनी परत वाजवायचं. म्हणून निर्णय वाजवतानाच घ्यावे लागत. ध्वनिमुद्रण शिकवणारे लीकेज टाळायला शिकवतात, मीही नाटकात तेच करतो, नाहीतर प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागतील. पण अल्बममध्ये हेच लीकेज सगळ्यांना एका छपराखाली बांधून ठेवतं. आणि कधी बाहेरचंही आत येतं. १९७२ साली झेपेलिन याच ट्रकसह स्टारग्रोव्ह्जला होते. उघड्यावर बसून ‘ब्लॅक कंट्री वुमन’ सुरू करणार तोच डोक्यावरून विमान गेलं. विमान टेपवर येतंय अशी कुरकुर ऐकू येते, आणि पाठोपाठ गायक रॉबर्ट प्लँटचं ‘राहू दे’ अशा अर्थाचं उत्तर. दोन्ही रेकॉर्डवर तसंच छापलं गेलं.

यावर कुणी म्हणेल, मग पिंक फ्लॉइडचं काय? ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ना घरात झाला ना जिन्यात. लंडनच्या अॅबी रोडवरच्या स्टुडिओत, १९७२-७३मध्ये, सोळा ट्रॅकवर, अॅलन पार्सन्सच्या देखरेखीत तुकड्या-तुकड्याने घडवला गेला. आक्षेप रास्त आहे आणि त्याने माझी मांडणी थोडी ढिली होते हेही खरं. तो अल्बम खोलीवर उभा नाही. पण ‘मनी’च्या सुरुवातीचा पैशांचा खळखळाट ऐका. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचं यंत्र: प्रत्येक आवाजाचा टेपचा तुकडा मोजपट्टीने मोजून कापला, जोडला, त्याचं वेटोळं केलं आणि ते मशीनमधून फिरताना ताणून धरायला स्टँड लावला. सात मात्रांचं आवर्तन सेंटिमीटरमध्ये मोजलेलं. ‘टाइम’मधली घड्याळं पार्सन्सने एका जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून टिपलेली. अल्बमच्या शेवटी बोलतो तो स्टुडिओचा आयरिश दरवान. तिथे खोलीऐवजी हात ऐकू येतो, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो, कारण या अल्बमवर लिहिणारे खंडीभर आहेत.

मात्र त्याच्या यशामागचा एक माणूस मला मुंबईच्या फोर्टात घेऊन जातो. भास्कर मेनन मूळचे त्रिवेंद्रमचे, आपल्याकडच्या ग्रामोफोन कंपनीचे म्हणजे एचएमव्हीचे वरिष्ठ अधिकारी. पुढे ते अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले, आणि ‘डार्क साइड’ अमेरिकेत चालवायचाच म्हणून पदर खोचून उभे राहिले. तो तिकडच्या बिलबोर्डच्या खपाच्या यादीत १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे राहिला. पण त्याच्या पाच वर्षं आधी, जानेवारी १९६८मध्ये, बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन एका चित्रपटाचं संगीत करायला मुंबईला एचएमव्हीच्या स्टुडिओत आला होता. स्टुडिओत होतं मोनो मशीन. स्टिरिओत टिपता यावं म्हणून मेनन यांनी दोन ट्रॅकचं यंत्र थेट कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईला आणलं. कल्पना करा, हावडा मेलमधून टेप मशीन.

वाजवायला कोण होतं? सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र. सगळे तरुण. याच बैठकांमधून ‘द इनर लाइट’चं वाद्यसंगीत निघालं. ते इथलं, त्यावरचा आवाज फेब्रुवारीत लंडनला चढवलेला, आणि मार्चमध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला ते आलंही. बीटल्सच्या नावाने निघालेल्या एका गाण्यात फोर्टची हवा भरलेली आहे, आणि हे आपल्याकडे फारसं कुणी मिरवत नाही. बरं, हवा भरलेली हे मी शब्दशः म्हणतोय. स्टुडिओला आवाजबंदी नीटशी नव्हती. नीट कान दिला तर टॅक्सी जाताना ऐकू येतात असं हॅरिसन स्वतः सांगायचा. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की माणसं जिन्यावरून धडधड उतरायची, आणि ती उतरून लोकल पकडायला निघून जाईपर्यंत रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. हॅम्पशरला जिना हे वाद्य झालं, फोर्टात जिन्याने सुट्टी करायला लावली.

१९७२ साली पेज आणि प्लँटही मुंबईत येऊन गेले. कुलाब्याच्या स्लिप डिस्कमध्ये त्यांनी वाजवलं त्याच्या गोष्टी मुंबईची म्हातारी रॉक मंडळी अजून सांगतात. सोबत इथल्या वादकांना घेऊन त्यांनी दोन गाणी मुद्रित केली, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’. यातलं दुसरं त्याच चौथ्या अल्बममधलं. बॉनमने मूळ गाण्यात प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरल्या होत्या म्हणून ते नाव. पाच आणि सहाच्या गटांची त्याची अडखळती चाल तबल्यावर कशी बसते हे ऐकायची मला फार वर्षं उत्सुकता होती. रेकॉर्डिंग पडून राहिलं आणि २०१५ साली अधिकृतपणे बाहेर आलं. खरं सांगायचं तर ते जमता जमता राहिलंय. तबलजी मोजून वाजवतोय, गिटार अंदाजाने, आणि दोघे एकमेकांकडे बघून हसत असावेत असं वाटतं. पण मी ते वारंवार लावतो. त्या खोलीत त्या दुपारी काय चाललं होतं ते त्यात आहे.

अलीकडे मला एकच गोष्ट खटकते. जुने अल्बम नव्याने काढताना काही वेळा ते सरसकट मोठ्या आवाजात केलेले असतात. म्हणजे मृदू भाग वर उचलायचा, मोठा भाग छताला टेकवायचा, की मोबाइलवर, गाडीत, कुठेही पटकन कानात भरतं. पण वर सांगितला तो जिन्याचा घुमारा ठोका आणि पोकळी यांच्यातल्या फरकावरच जगतो. तो फरक सपाट केला की बॉनम उरतो आणि घर जातं. त्यामुळे कुणी ‘कुठली आवृत्ती घेऊ?’ विचारलं तर मी सांगतो, दोन्ही लाव, आवाजाचं बटण असं फिरव की दोन्ही सारख्याच मोठ्याने वाजतील, आणि मग बघ कुठली ऐकताना मान डोलते. महागडी असेलच असं नाही. एलपीच हवी हा हट्टही माझा नाही. माझ्याकडची सगळ्यात चांगली ‘मशीन हेड’ सीडीवर आहे आणि तिची डबी तुटलेली आहे.

माझा भाचा ड्रम वाजवतो. गेल्या पावसाळ्यात तो म्हणाला, “मामा, लेव्हीचा साउंड पाहिजे तर कॉम्प्युटरवर प्लगइन आहे की. हेडलीचा जिना बसल्या जागी मिळतो.” मी म्हटलं, “मिळतो ना. पण तुझ्या घराला जिना नाही का?” एवढं बोलून मी प्रयोगाला नाशिकला गेलो. परत येईपर्यंत भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी रविवारी दुपारी सोसायटीच्या तळमजल्यावर लिफ्टसमोर ड्रमसेट मांडून, तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून दोन माइक सोडून चार टेक घेतले होते. सेक्रेटरींची लेखी नोटीस आली, ताई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

टेक मात्र ऐकण्यासारखा आहे. फरशी गुळगुळीत, भिंतींना तेलाचा रंग, त्यामुळे घुमारा हेडलीपेक्षा काचेरी आणि लांब. स्नेअर जरा जास्तच ओरडतो, पण पायाचा ड्रम पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत येतोसा वाटतो. तिसऱ्या टेकमध्ये, ऐन रंगात, कुणीतरी लिफ्टचं दार उघडं टाकलंय आणि ती बाई आपल्या सुरेल आवाजात दार बंद करायची विनंती करतेय, मागे ती ठरलेली धून. सगळ्यात चांगला वाजलेला टेकही नेमका तोच. भाच्याने ती धून ठेवायचं ठरवलंय. अडचण फक्त एवढीच की लिफ्टची पट्टी आणि गाण्याची पट्टी अर्ध्या स्वराने जुळत नाही, त्यामुळे आता गिटारवाल्यानेच खाली उतरावं असा आग्रह चाललाय. गिटारवाला तयार नाही.